मधुमेह गावात आला कसा?



आज आपण एका आजाराचा इतिहास ऐकणार आहोत. राजेरजवाड्यांचा इतिहास शाळेत शिकवतात. आजार कुठून आला, कोणत्या वाटेनं आला, हे मात्र कुणी सांगत नाही. त्याची वाट ठाऊक झाली तर त्याला उंबऱ्याबाहेर थांबवता येतं, म्हणून हा विषय.

गटांच्या बैठकींना आम्ही जातो तेव्हा साखरेच्या आजाराबद्दल दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. पहिलं, "हा बसून खाणाऱ्यांचा आजार, राबणाऱ्यांना कशाचा होतोय?" आणि दुसरं, "आता घरोघरी आहे, नशिबात असेल तर होणारच." पहिलं वाक्य पन्नास वर्षांपूर्वी बरंचसं खरं होतं, आज ते खरं उरलेलं नाही. दुसरं तर कधीच खरं नव्हतं.

आधी आकडे पाहू. १९७२ ते १९७५ या काळात भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनं देशातल्या काही भागांत तपासणी केली. त्यात आपलं पुणंही होतं. तेव्हा शहरात शंभरात साधारण दोन जणांना आणि खेड्यात शंभरात दीड जणाला मधुमेह आढळला. याच परिषदेच्या मदतीनं झालेल्या मोठ्या पाहणीचे देशभराचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. शहरात शंभरात सोळा, खेड्यात शंभरात जवळजवळ नऊ. तपासण्याची पद्धत मधल्या काळात बदलली आहे, त्यामुळे दोन्ही आकडे अगदी मापात मापून जुळवता येणार नाहीत. पण आजार वाढला यात शंका नाही.

त्याच पाहणीतला एक आकडा आणखी लक्षात ठेवण्यासारखा आहे. मधुमेह झालेला नाही, पण साखर वाढायला लागली आहे, अशी माणसं शहरात आणि खेड्यात जवळपास सारखीच निघाली, शंभरात पंधरा. म्हणजे आजार गावाच्या वेशीपर्यंत येऊन थांबलेला आहे. हे पंधराजण आत जातात की मागे फिरतात, हे पुष्कळसं आपल्या हातात आहे.

जुन्या वैद्यांना काय दिसलं होतं

हा आजार नवा नाही. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या आपल्या वैद्यकाच्या ग्रंथांत त्याची ओळख आहे. लघवीला मुंग्या लागतात, हे चरकसंहितेत नोंदलेलं आहे. मधासारखी लघवी म्हणून नाव पडलं मधुमेह. सुश्रुतसंहितेत तर त्याचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक जन्मापासून येणारा, त्यातला रोगी कृश असतो. दुसरा चुकीच्या आहारविहारानं होणारा, त्यातला रोगी स्थूल असतो, त्याला बसून आणि लोळून राहायला आवडतं. आजचे डॉक्टरही ढोबळ मानानं दोन मुख्य प्रकार मानतात.

सुश्रुतानं सांगितलेला उपाय ऐकण्यासारखा आहे. गरीब रोग्यानं पायात काही न घालता, डोक्यावर छत्री न घेता, एका गावी एकच रात्र मुक्काम करत शंभर योजनं चालावं. श्रीमंतानं सावा आणि रानातलं देवभात खाऊन राहावं, गायींच्या मागे फिरावं. इतरांनी शेत नांगरावं, नाहीतर विहीर खणावी. आज कुणी अनवाणी शंभर योजनं चालायची गरज नाही. मधुमेहात पायाला जखम होणं धोक्याचं असतं, म्हणून चप्पल घालूनच चालायचं. पण त्या सल्ल्यातला गाभा पाहा: भरड धान्य खा आणि अंग हलतं ठेवा.

यामागचं कारण विसाव्या शतकात कळलं. १९२१ साली कॅनडातल्या टोरांटो शहरात बँटिंग आणि बेस्ट यांनी स्वादुपिंडातून इन्सुलिन वेगळं काढलं. जानेवारी १९२२ मध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाला ते पहिल्यांदा टोचलं. आपण खाल्लेल्या अन्नाची साखर होते, ती रक्तात येते. रक्तातून ती स्नायूंमध्ये शिरायला हवी. इन्सुलिन हे तिथलं दार उघडणारं. पोटावर चरबी साठली आणि अंग हलेनासं झालं की दार गंजतं, इन्सुलिन असूनही उघडत नाही. स्नायू हलायला लागले की मात्र ते साखर ओढून घेतात. चालणं, खुरपणं, पाणी शेंदणं हे सगळं म्हणजे त्या गंजलेल्या दाराला तेलपाणी.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. लहान मुलांना बहुतेक वेळा होतो त्या पहिल्या प्रकारात शरीर इन्सुलिन बनवणंच थांबवतं. त्यात आईबापाचा किंवा मुलाचा दोष नसतो, तो सवयींनी टळतही नाही आणि इन्सुलिनशिवाय मूल जगत नाही. आपण आज बोलतोय ते मोठ्यांना होणाऱ्या दुसऱ्या प्रकाराबद्दल.

अंगमेहनत कधी सुटली

आता आपल्या आज्या-पणज्यांचा दिवस आठवा. पहाटे उठून जात्यावर दळण. मग विहिरीवर, आडावर पाणी शेंदायचं, डोक्यावर चुंबळ ठेवून हंडा-कळशी आणायची. जळण गोळा करायचं. उखळात कांडायचं. रानात खुरपणी, काढणी, खळ्यावर मळणी. पायी बाजार. व्यायाम हा शब्द त्यांच्या तोंडी नव्हता, कारण सगळं आयुष्यच अंगमेहनतीचं होतं.

जात्यावर बसून बायकांनी रचलेल्या ओव्या पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी गावोगावच्या बायकांच्या मदतीनं गोळा केल्या. एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. इतक्या ओव्या का झाल्या? दळण रोज होतं, लांबलचक होतं आणि एकटीच्या सोबतीला गाण्याशिवाय दुसरं काही नव्हतं, म्हणून. त्या ओव्यांत माहेरची ओढ आहे, तशी कष्टांची कहाणीही आहे.

१९६० मध्ये आपलं राज्य झालं, राज्याचं वीज मंडळ झालं. हळूहळू गावात वीज आली, पिठाची गिरणी आली. मग हातपंप, नळ, मळणी यंत्र, गॅस, एसटी, घरोघरी मोटरसायकल. यातली प्रत्येक गोष्ट बाईच्या जिवाला सुख देणारी आहे. "जुनं तेच चांगलं होतं, बायांनी पुन्हा जातं ओढावं," असं कुणी म्हणालं तर आम्ही त्याच्या बाजूला उभे राहणार नाही. ज्यानं पहाटे तीनला उठून दळलं नाही, त्यानं जात्याचं कौतुक करू नये.

पण एक हिशेब राहून गेला. कष्ट गेले, त्याबरोबर शरीराला रोज मिळणारी हालचालही गेली. कष्टाची जागा आरामानं घेतली असती तरी एक वेळ चाललं असतं. बाईच्या वाट्याला आराम आलाच नाही. आलं ते बसून करायचं काम आणि सुगीत पुन्हा मोडेस्तोवर राबणं. चार महिने अंग पिळून निघतं, पुढचे महिने हालचाल कमी. शरीराला हवी असते रोजची, बेताची हालचाल.

ताट कसं बदललं

दुसरी वाट ताटातून आली. देशावर ज्वारी-बाजरीची भाकरी, कोकणात आणि डोंगरी भागात नाचणी आणि भात, पूर्व विदर्भात भात. सोबत हुलगा, मटकी, तूर, हरभरा. जवसाची, कारळ्याची चटणी. रानातून तांदुळजा, पाथरी, घोळ, अंबाडी, शेवग्याचा पाला. दुष्काळी भागात भात आणि गव्हाची पोळी सणाला किंवा पाहुणा आला तर.

हे ताट चांगलं होतं, पण भरलेलं नव्हतं, हेही खरं. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना विचारा. खडी फोडायच्या कामावर, पाझर तलावांच्या मातीवर बायका होत्या. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर राज्यात सुमारे ५० लाख माणसं होती. परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी लोकांनी खाल्ली, मुलांना सुकडी मिळाली. त्या उपाशी दिवसांनी सगळ्यांना एकच शिकवलं: पोट भरायला हवं.

पोट भरलं ते गहू-तांदळानं. पाटाचं पाणी, नवी बियाणं, खतं आणि सरकारी खरेदीचा आधार या दोन धान्यांना मिळाला. रेशनवर तीच आली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं माणशी पाच किलो धान्याचा हक्क दिला, जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. गरिबाच्या घरी चूल विझत नाही, ही छोटी गोष्ट नाही. मात्र ज्वारी मागे पडली. १९७० च्या सुमारास देशात १ कोटी ७० लाख हेक्टरच्या आसपास ज्वारी होती, आता ती ५० लाख हेक्टरांच्याही आत आली आहे. कायद्यात भरड धान्याची सोय आहे, पण पिशवीत बहुतेक ठिकाणी येतो तांदूळ आणि गहू. भात शिजवायला सोपा, मुलांना आवडतो, सरपणही कमी लागतं. दोन वेळा भात, सोबत पातळ आमटी, डाळ-भाजी नावापुरती. असं ताट पोट भरतं, रक्तातली साखरही भरभर चढवतं.

तिसरी वाट कपातून आली. चहा आपल्या आजीच्या आजीनं प्यायलेला नव्हता. इंग्रजांच्या राज्यात १९०३ मध्ये कायद्यानं चहावर उपकर बसवला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला. जत्रांत, रेल्वे स्टेशनांवर, गिरण्यांत चहा पाजून लोकांना गोडी लावली. पुढे साखर आपल्याच दारात पिकायला लागली. १९५० मध्ये नगर जिल्ह्यातल्या प्रवरा-लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना उभा राहिला. त्यातून किती घरं वर आली! उसानं आपल्याला पैसा दिला, शाळा-कॉलेजं दिली. पण शेतात ऊस पिकतो म्हणून दिवसाला पाच कप चहात दोन-दोन चमचे साखर घालायलाच हवी, असं नाही. दहा चमचे झाले की ५० ग्रॅमच्या आसपास साखर नुसत्या चहातून पोटात जाते. वर बिस्किटाचा पुडा वेगळा. आणि गुळाचा चहा केला म्हणून सुटका नाही. गूळही रक्तात साखरच होतो.

पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांनी जगाला काय सांगितलं

आता आपल्या मातीतली गोष्ट. १९९३ पासून पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास केला. त्या काय खातात, किती काम करतात, बाळ किती वजनाचं होतं, हे सगळं टिपून ठेवलं.

दिवस पूर्ण भरून जन्मलेल्या तिथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलोच्या जवळपास होतं. इंग्लंडमधली बाळं साधारण साडेतीन किलोची. आपली बाळं बारीक, पण त्यांच्या अंगावरचं मांस कमी आणि चरबी त्या मानानं राखलेली. दिसायला रोड, आतून चरबीचं. अशी बाळं मोठेपणी थोडं वजन वाढलं तरी मधुमेहाकडे झुकण्याचा धोका जास्त. "मी तर बारीक आहे, मला कसा होईल?" या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे.

अभ्यासात आणखी दोन गोष्टी निघाल्या. ज्या बायका हिरव्या पालेभाज्या, फळं, दूधदुभतं वरचेवर खात होत्या त्यांची बाळं वजनानं चांगली होती. आणि गरोदरपणात ज्यांच्यावर शेताचं, पाण्याचं काम जास्त होतं त्यांची बाळं लहान होती.

मैत्रिणींनो, या दोन वाक्यांत आपल्या घराघरांतला इतिहास आहे. सगळ्यांचं झाल्यावर बाईनं जेवायचं. तोवर भाजी संपलेली, दूध म्हाताऱ्यांना आणि मुलांना गेलेलं, उरलेला भात आणि आमटीचं पाणी तिच्या ताटात. पोटात बाळ असलं तरी हंडा डोक्यावरच. म्हणजे मधुमेह टाळण्याचं काम चाळिशीत सकाळच्या फिरण्यानं सुरू होत नाही. ते पोटुशी बाईच्या ताटापासून सुरू होतं. सुनेला पालेभाजी आणि दूध वाढणारी सासू नातवाचा पन्नास वर्षांनंतरचा आजार थोपवण्याची तयारी करत असते.

थांबवता येतं याचा पुरावा

"हे सगळं सांगायला ठीक, पण खरंच टळतो का?" हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर चीनमधल्या दाचिंग शहरात मिळालं. हे तेलाच्या विहिरींचं गाव. १९८६ मध्ये तिथे १ लाख १० हजारांवर लोकांची तपासणी झाली. साखर वाढलेली, पण मधुमेह न झालेली ५७७ माणसं निवडली. त्यांचे ३३ दवाखान्यांनुसार गट पाडले. काहींना नेहमीचाच सल्ला. काहींना आहाराचं मार्गदर्शन, काहींना व्यायामाचं, काहींना दोन्हींचं. सहा वर्षांनी मोजलं. नेहमीच्या गटात शंभरातल्या ६८ जणांना मधुमेह झाला. बाकीच्या तिन्ही गटांत तो शंभरात ४१ ते ४६ जणांनाच झाला. पुढे तीस वर्षं त्यांचा माग ठेवला, तेव्हा सवयी बदललेल्यांत हृदयविकार आणि मृत्यूही कमी दिसले.

आपल्याकडे चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांनी ५३१ लोकांवर असाच अभ्यास केला. तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन वर्षांत काहीच न बदललेल्या गटात शंभरातल्या ५५ जणांना मधुमेह झाला, आहार आणि चालणं सांभाळणाऱ्यांत ३९ जणांना. गोळी दिलेल्यांतही जवळपास तितकेच, ४० च्या आसपास. म्हणजे सवयींनी गोळीइतकंच काम केलं. त्यांना सांगितलं होतं ते साधं होतं: रोज किमान अर्धा तास चाला, साखर टाळा, मैदा-तेल कमी करा, चोथ्याचं अन्न वाढवा. आधीच अंगमेहनतीचं काम असलेल्यांना तेच चालू ठेवायला सांगितलं. लोकांचं वजन फारसं घटलं नाही, तरी फायदा झाला.

दोन्हीकडे आजार सगळ्यांचा टळला नाही, हेही लक्षात घ्या. सगळं सांभाळूनही कुणाला झाला तर तो तिचा गुन्हा नाही. आईवडिलांकडून आलेलं, वय, जन्माच्या वेळचं वजन, यावर आपला ताबा नसतो.

मग गटानं काय करायचं

ताटापासून सुरुवात करू. निदान एका वेळी ज्वारी, बाजरी किंवा नाचणीची भाकरी. पण भाकरी आहे म्हणून पाच खायच्या नाहीत. ताटाचा अर्धा भाग भाजी आणि कोशिंबीर, पाव भाग डाळ-उसळ, उरलेल्या पाव भागात भाकरी किंवा भात. उपवासाला साबुदाण्याऐवजी भगर, शेंगदाण्याची आमटी, ताक. साबुदाणा म्हणजे नुसती पिठूळ साखर. चहातली साखर एकदम तोडू नका, दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करा. परसात सांडपाण्यावर शेवगा, पालक, मेथी लावा, म्हणजे भाजी विकत आणायला नको.

चालायला वेळ कुठून आणायचा? आम्हालाही ठाऊक आहे, एकटी बाई संध्याकाळी चालायला निघाली तर लोक विचारतात, "कुठं निघालीस गं?" दहाजणी मिळून निघाल्या की कुणी विचारत नाही. गटाच्या बचतीला जसा ठरलेला दिवस, तशी चालण्याला ठरलेली वेळ. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललं तरी साखर कमी चढते. आणि ज्या रानात राबून आल्या असतील त्यांनी चालू नये, बसावं. त्यांच्या वाट्याची विश्रांती हाही आरोग्याचाच भाग आहे.

तिसरं काम तपासणीचं. तीस वर्षांवरच्या सगळ्यांची तपासणी उपकेंद्रात, आरोग्य मंदिरात फुकट होते. आशाताईंना विचारा. उपाशीपोटी साखर १०० च्या आत असेल तर ठीक, १०० ते १२५ म्हणजे वेशीवर, १२६ किंवा जास्त आली तर पुन्हा तपासून डॉक्टरांकडे जायचं. बाईच्या कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या वर, पुरुषाचा ९० च्या वर असेल तर तपासणी चुकवू नका. सारखी तहान, सारखी लघवी, न भरणारी जखम, अंगावर खाज, हात-पाय बधिर होणं दिसलं तर वयाची वाट पाहू नका. गरोदर बाईची साखरेची तपासणी पहिल्याच भेटीत आणि पुन्हा सहाव्या-सातव्या महिन्यात व्हायला हवी. बाळंतपणात साखर वाढलेली असेल तर पुढे दरवर्षी तपासायचं.

आणि शेवटची, पण कळकळीची गोष्ट. ज्यांना गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी कारल्याच्या रसावर, कुणाच्या पुडीवर विसंबून औषध बंद करू नका. चांगल्या सवयी आजार टाळायला आणि औषधाला साथ द्यायला आहेत, औषधाच्या जागी नाहीत.

गिरणी आली, नळ आला, रेशन आलं. यातलं काही आपण परत करणार नाही, करायचंही नाही. फक्त त्यांच्यासोबत जे हरवलं ते पुन्हा घरात आणायचं आहे: भाकरी, पालेभाजी, रोजचं चालणं. आणि जे आधीही कधी नव्हतं, तेही मिळवायचं आहे. सगळ्यांबरोबर बसून भरल्या ताटानं जेवणारी बाई. पुढच्या बैठकीत एवढं एकच विचारा, काल रात्री आपल्या ताटात भाजी किती होती? उत्तर वहीत लिहून ठेवा, महिन्यानं पुन्हा विचारा.